वाटी-चमच्याचे माप



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिही, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिण्याची माझी योग्यता नाही. परंतु स्वयंपाकघरालाही इतिहास असतो, आणि तो आपण बायकांनीच सांगावयाचा. म्हणून रोज माझ्या ओट्याजवळ असणाऱ्या एका पुस्तकाविषयी लिहिते.

मराठीत छापील पाकपुस्तके पुष्कळ जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले; त्यात हजार पाकक्रिया. त्या काळी वजने शेर-तोळ्यांची होती. १९५८ पासून देशात दशमान वजने सुरू झाली आणि शेर-तोळे हळूहळू मागे पडले. दुकानात ग्रॅम आणि किलो आले खरे, पण घरोघरी तराजू कोठून येणार?

ही अडचण कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने सोडविली. कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा, सांगलीकडील कुंडल गावचा. शिक्षण अवघे चौथीपर्यंत. १९७० साली त्यांचे हे पुस्तक निघाले आणि पुढे त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्यांनी माप दिले ते वाटी-चमच्याचे. वाटी लहान असो वा मोठी, पीठ, साखर, पाणी सारे एकाच वाटीने मोजले की प्रमाण बिघडत नाही. नवख्या सुनेला याहून मोठा आधार कोणता?

माझ्या लग्नात मावशीने मला ही ‘रुचिरा’ दिली. आज तिच्या पानांवर हळदीचे डाग आहेत, शिवण सुटली आहे. तरी सणावारी तीच उघडते. अर्थात पुस्तकाने वाटी सांगितली तरी तांदूळ नवा की जुना, हे आपणच पाहावयाचे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते. आपल्या डांगाणात हे पोरीसोरीही जाणतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासूबाई हुलग्याची शेंगोळी करीत. लसूण किती, तिखट किती, असे विचारले की म्हणत, “अगं, हाताला कळतं ते.” सासूबाई गेल्या. शेंगोळी आजही घरात होते, पण ती चव नाही. त्यांच्या हाताचे माप त्यांच्याबरोबर गेले. नागलीचे, वरईचे, पावसाळ्यातल्या कुर्डू-भारंगीच्या भाजीचे असे किती प्रकार आपल्या म्हाताऱ्यांच्या हातातच राहिले आहेत!

आपल्याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु गावरान बियाणे जपले म्हणून २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांनी बी राखले, आपण त्या धान्याचे रांधणे राखू या. चौथी शिकलेल्या कमलाबाईंना जे जमले, त्याची सुरुवात तरी आपल्याला जमेल.

म्हणून माझी विनंती अशी, की पुढील सभेला येताना प्रत्येकीने घरातील वडीलधारीजवळ बसून एक पदार्थ वाटी-चमच्याने मोजून घ्यावा आणि कागदावर उतरवून आणावा. अक्षर कसे का असेना, माप बरोबर असावे. मंडळाने त्यासाठी एक वही घालावी. पहिले पान मी शेंगोळीचे देईन; मोठ्या नणंदबाईंना सासूबाईंच्या हातची आठवण आहे, त्यांना विचारून.