इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे?

मुकुंदवाडीवरून जालना रोडने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर मोठ्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इन’ हा नकार दाखवणारा उपसर्ग आहे, असे वर्गात शिकलेला विद्यार्थी त्याचा अर्थ कसा लावेल? ‘व्हिजिबल’चे ‘इनव्हिजिबल’, ‘ऑर्गॅनिक’चे ‘इनऑर्गॅनिक’. त्याच चालीने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे! तर्क बिनचूक, उत्तर मात्र जिवावर बेतणारे.

या घोटाळ्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे दिसायला सारखे असे दोन ‘इन’ आहेत. एक नकाराचा, तर दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’मध्ये हा दुसरा ‘इन’ आहे. हा धोका इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जाणवला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने उपसर्ग गाळून नुसता ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरावा, असा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात आणि खरोखर न पेटणाऱ्या पदार्थाला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणावे लागते. आपला ‘ज्वालाग्राही’ त्या मानाने कितीतरी सरळ!

नकाराचा ‘इन’ मात्र आपल्या नात्यातला आहे. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ येतो आणि स्वरापूर्वी ‘अन्’. म्हणून अयोग्य, पण अनुचित. ग्रीक भाषेत नेमका हाच नियम आहे. ‘सिमेट्री’चे ‘असिमेट्री’ होते, पण ‘एरोबिक’चे ‘अॅनेरोबिक’. लॅटिनचा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: इम्पॉसिबल, इररेग्युलर. ही आपली संधीच झाली. इंग्रजीचा अस्सल ‘अन’ही याच घराण्यातला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला होता. मराठी माध्यमाच्या मुलांकडून अशा शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यापूर्वी ‘अनुचित’ची फोड फळ्यावर करून पाहावी.

मराठीने नकारासाठी इतरांकडूनही उसनवारी केली. मराठवाड्यात बहामनी काळापासून फारसी कारभाराची भाषा होती. पुढे निजामी राजवटीत उर्दू आली, ती १९४८ पर्यंत. ‘ना’ आणि ‘बे’ फारसीचे, ‘गैर’ अरबीचा. हे उपसर्ग दफ्तरातून निघून शेतात आणि घरात शिरले. पीक आपले, ‘ना’ त्यांचा: नापीक. समज आणि सोय आपली, ‘गैर’ त्यांचा: गैरसमज, गैरसोय. शाळेने तर कमालच केली. फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जोडून तिने ‘नापास’ घडवला. असा शब्द इंग्रजीतही नाही! पिढ्यान्‌पिढ्या मुलांना रडवणारा हा शब्द दोन परक्या भाषांच्या सांध्यातून जन्मला, हे निकालाच्या दिवशी कोणाच्या लक्षात येणार?

विज्ञानात नकारातून नाव देणे जोखमीचे असते. ‘अॅटम’ म्हणजे न कापता येणारा. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि नावातला नकार खोटा पडला. ‘अणू’ म्हणजे नुसताच बारीक. त्याचे काही बिघडले नाही. नायट्रोजनमध्ये प्राणी गुदमरतात, म्हणून लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८७ साली त्याला ‘अॅझोट’, म्हणजे निर्जीव, असे नाव दिले. वास्तविक सजीवांच्या प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन असतो. तरीही फ्रेंच भाषेत तेच नाव अजून टिकून आहे.

आरगॉनची गोष्ट आणखी गमतीची आहे. १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांनी हा वायू शोधला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्यांनी ‘काम न करणारा’ या अर्थाचा ग्रीक शब्द निवडला. त्यातही तोच ‘अ’ दडलेला आहे. शंभरावर वर्षे हे नाव खरे ठरले. मग २००० साली हेलसिंकी विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी अतिशीत तापमानाला आरगॉन, हायड्रोजन आणि फ्लोरीन यांचे संयुग तयार करून दाखवले.