इ सोलिती इन्योती

मारिओ मोनिचेल्ली (१९१५–२०१०) यांनी दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल इटालियन विनोदी चित्रपट १९५८ साली प्रदर्शित झाला असून अमेरिकेत तो ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ या नावाने ओळखला जातो. आजे–स्कार्पेल्ली ही लेखकजोडी, सूझो चेक्की द’अमिको आणि स्वतः मोनिचेल्ली यांनी त्याची पटकथा लिहिली. ज्यूल्स डासिन यांच्या ‘रिफिफी’ (१९५५) या दरोडापटाचे विडंबन म्हणून तो ओळखला जातो. इतालो काल्व्हिनो यांच्या मिठाईच्या दुकानातील चोरीच्या कथेशीही त्याचे नाते जोडले जाते, मात्र खादाडीच्या प्रसंगापलीकडे हे साम्य फारसे जात नाही.

कोझिमो या भुरट्या चोराने तुरुंगात सांगितलेला बेत पेप्पे हा मुष्टियोद्धा लाटतो आणि रोममधील काही भुरट्यांना जमवून, शेजारच्या घराची भिंत फोडून गहाणपेढीतील तिजोरी गाठण्याचे ठरवतो. तिजोऱ्या फोडण्यात मुरलेला दान्ते (तोतो) त्यांना गच्चीवर रीतसर धडे देतो. अखेर फोडली जाते ती भलतीच भिंत, आणि स्वयंपाकघरात शिरलेली मंडळी हरभरे घातलेल्या पास्त्यावर ताव मारतात. हातपिशवी हिसकावू पाहणारा कोझिमो मात्र त्याआधीच ट्रामखाली मरतो. विनोदात मृत्यूला असे थेट स्थान देणे हे ‘कोम्मेदिया आल्लितालियाना’ या सामाजिक विनोदपटांच्या प्रवाहाचे लक्षण ठरले, आणि त्या प्रवाहाचा आरंभ अनेक अभ्यासक याच चित्रपटापासून मानतात.

पात्रयोजना विशेष अभ्यसनीय आहे. पेप्पे साकारणारे व्हित्तोरिओ गास्समान तोवर गंभीर भूमिकांसाठी प्रसिद्ध असल्याने निर्माते साशंक होते, म्हणून रंगभूषेने त्यांचे नाक व कपाळ बदलून पेप्पेला तोतरेपणा देण्यात आला. बहिणीवर पहारा ठेवणारा सिसिलीचा संशयी भाऊ फेर्रीबोत्ते रंगवणारे तिबेरिओ मुर्जा हे मूळचे सार्डिनियाचे आणि रोममधील एका उपाहारगृहात भांडी घासणारे, तर बोलोन्याचा भुकेला म्हातारा कापान्नेल्ले साकारणारे कार्लो पिसाकाने हे नेपल्सचे होते. चित्रीकरणानंतर स्वतंत्रपणे आवाज भरण्याच्या (डबिंगच्या) तत्कालीन इटालियन प्रथेमुळे चेहरा एकाचा आणि बोली दुसऱ्याची अशी सांगड शक्य झाली. ट्युनिशियात वाढलेल्या क्लाउदिया कार्दिनाले यांनाही उसना आवाज मिळाला. आवाजाच्या या कारागिरीची दखल समीक्षेत क्वचितच घेतली जाते.

पिएरो उमिलियानी यांचे संगीत जॅझवर आधारित आहे.

परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. १९५९ व १९८५ मध्ये त्याचे उत्तरभाग निघाले; लुई माल यांचा ‘क्रॅकर्स’ (१९८४) ही त्याची अमेरिकी पुनर्निर्मिती होय.