बालमृत्यूंची मोजणी आणि तेरा संस्थांचे जाळे

आरोग्याची एखादी योजना सफल झाली की नाही, हे ठरविण्यासाठी आधी मोजता आले पाहिजे. महाराष्ट्रातील बालमृत्यूंच्या प्रश्नात नेमकी हीच पहिली पायरी निसटलेली होती. मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्यांनी १९९० च्या दशकात राज्य हादरत होते. परंतु राज्यात दरवर्षी एकंदर किती बालके दगावतात, याचे भरवशाचे उत्तर आरोग्य खात्याच्या नेहमीच्या अहवालांतून मिळत नव्हते. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी योजनेचा दर निराळेच चित्र दाखवीत असे. या योजनेत गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर जातो आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. पद्धत चोख, पण दर मिळतो तो राज्याचा. एखाद्या तालुक्यात काम करणाऱ्याला आपल्या गावांविषयी त्यातून काहीच कळत नाही.

खात्याचा आकडा कमी का भरत असे? कर्मचारी खोटे लिहितात, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात ज्या विचारपद्धतीचा पाया घातला, ती व्यक्तीऐवजी व्यवस्थेची रचना पाहावयास सांगते. त्या नजरेने पाहिले तर दिसते असे : बाळाचा मृत्यू ज्या परिचारिकेने नोंदवायचा, तिच्याच कामात त्या मृत्यूचा दोष शोधला जातो. नोंद केली तर खुलासा द्यावा लागतो. न केली तर कोणी विचारीत नाही. प्रामाणिक उपकेंद्र कागदावर वाईट दिसते, गप्प राहिलेले चांगले ठरते. आकडा कमी दिसला की उपायांची निकडही कमी भासते, आणि मृत्यू होतच राहतात. परिचारिका बदलून हे चक्र थांबत नाही.

त्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग गडचिरोलीत तयार झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातील कार्यकर्त्याने नोंद करावी, पर्यवेक्षकाने ती तपासावी आणि सहामाही घरोघर पाहणीत सुटलेले जन्म-मृत्यू शोधावेत, अशी पद्धत तिने बसविली. पुढे हीच पद्धत इतर संस्थांच्या हाती गेली. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या; ग्रामीण व आदिवासी गावांत आणि शहरी झोपडपट्ट्यांत त्यांनी एकाच रीतीने बालमृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ हा त्यांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यातील अंदाज होता.

‘एकाच रीतीने’ हे दोन शब्द लिहिण्यास सोपे आहेत. प्रत्यक्षात अशा मोजणीतील सगळी अडचण तिथेच असते. पहिले बाळंतपण माहेरी होते. मग ते मूल कोणत्या गावचे धरायचे? माहेरच्या गावाने ‘आमचे नव्हे’ म्हटले आणि सासरच्या गावाला ते कधी दिसलेच नाही, तर ते दोन्ही वह्यांतून गळते. जन्मल्यावर एकदाच क्षीण श्वास घेऊन गेलेले बाळ ‘मृत जन्म’ म्हणून लिहिले गेले, तर ते बालमृत्यूंत येतच नाही. बारशापूर्वी गेलेल्या बाळाविषयी घरातली माणसे परक्यापुढे बोलायला सहसा तयार नसतात. गर्भवतींची यादी आधीपासून हाती असेल, तरच कार्यकर्ती योग्य वेळी योग्य दारात पोहोचते. या व्याख्या सर्वांनी सारख्या पाळल्या नाहीत, तर तेरा संस्थांचे तेरा आकडे होतात आणि त्यांची बेरीज निरर्थक ठरते. संस्थांचे जाळे उभारणे म्हणजे अधूनमधून बैठका घेणे, असा समज आपल्याकडे आहे. येथे जाळ्याचा अर्थ सामाईक व्याख्या आणि परस्परांच्या वह्या तपासण्याची तयारी असा होता.

मोजणीतून कामाची दिशाही ठरली. बालमृत्यूंत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा वाटा मोठा होता. गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतल्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले होते : तिसऱ्या वर्षी तेथे हजार जन्मांमागे सुमारे २५ नवजात मृत्यू झाले, तुलनेच्या गावांत सुमारे ६०. एका निष्ठावान संस्थेला जमले ते इतरांना जमेल काय, ही शंका रास्तच होती. ‘अंकुर’ प्रकल्पात राज्यातील सात संस्थांनी ती तपासली. मोजणीची शिस्त सोबत असल्याने उत्तरही मिळाले. नवजात मृत्युदर सुमारे निम्म्यावर आला.

सरकारची पहिली प्रतिक्रिया आकडा नाकारण्याची असू शकते, हे या विषयात नवे नाही. तरीही राज्य सरकारने पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, हे नोंदविले पाहिजे.

केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांवर सोपविले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा, तर घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरल्या आणि मोबदला २५० रुपये. भेट देणारी ‘आशा’, तक्ता भरणारी तीच आणि मोबदला अवलंबून त्या तक्त्यावर. पूर्वी मृत्यू नोंदविल्याचा तोटा परिचारिकेला होता. आता भेट नोंदविण्याचा फायदा ‘आशा’ला आहे. गडचिरोलीच्या पद्धतीतील स्वतंत्र सहामाही पाहणी मात्र या विस्तारात तितक्या काटेकोरपणे सोबत गेली नाही.