गुत्ता आणि उचल

आमच्या बीडकडे मक्त्याला गुत्ता म्हणतात. रस्त्याचा गुत्ता, तलावाचा गुत्ता, आणि तो घेणारा गुत्तेदार. दारूच्या दुकानालाही गुत्ताच म्हणतात, आणि त्याला कारण आहे. निजामी अमदानीत दारू व शिंदी विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई. गुत्तेदाराने सरकारात भरलेली रक्कम गावकऱ्यांच्या घशातूनच वसूल व्हायची. अबकारी ही हैदराबाद सरकारच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होती. व्यसनावर बोलणारे विद्वान बहुधा पिणाऱ्यापासून आरंभ करतात. आम्ही शाळेत फारसे गेलो नाही, मजुरांच्या चळवळीत वाढलो. आम्हांस हिशेबाच्या वहीपासून आरंभ करणे बरे वाटते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांना हा हिशेब नेमका कळला होता. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला, तेव्हा सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडू लागले. झाडाशी त्यांचे वैर नव्हते. निजामाचे उत्पन्न तोडायचे होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या दुरुस्तीने इकडेही लागू झाला. पुढच्याच दशकात बंदी सैल झाली व परवाने आले. तिजोरीची जुनी सवय सुटली नाही, एवढेच येथे म्हणतो.

आता ऊसतोडीकडे वळू, कारण आमच्या जिल्ह्यात दारूचा पैसा कोठून येतो ते तेथे दिसते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतील माणसे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम त्या कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. उचल दोघांच्या श्रमावर, पण बहुधा पडते पुरुषाच्या हातात. त्यातले काही लग्नात जाते, काही दवाखान्यात, काही सावकाराकडे; काही गुत्त्यावर. फेडायची मात्र दोघांनी. ऊस तोडताना अंग मोडते म्हणून रात्री घेतो, असे आमचे गडी सांगतात. ते खोटे नाही. पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईचेही अंग मोडते, आणि तिला पहाटे उठून भाकरी थापायच्या असतात. आमच्या सभांतून भाववाढीवर आम्ही तासन्‌तास बोललो, या गोष्टीवर फार उशिरा बोललो, हे कबूल केले पाहिजे.

बायकांना मतदानाने दुकान बंद करता येते. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. हे निम्मे मोजायचे यादीवरील एकूण बायकांचे, मतदानाला आलेल्यांचे नव्हे. जी आली नाही, तिचे मत आपोआप दुकानाच्या पारड्यात पडते.

एका गावी आम्ही बायकांसमवेत सह्या गोळा केल्या. मतदान चैत्रानंतर, टोळ्या परतल्यावर घ्यावे, असा अर्जही दिला. तारीख माघातली निघाली. त्या दिवशी गावात म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि शाळकरी पोरी तेवढ्या होत्या. आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी आडवी बाटली केली. दुकान चालू राहिले. टोळ्या परतल्यावर त्यांतल्या एकीने आम्हांस विचारले, "दादा, माझं मत कुणी टाकलं?"