पाय काढल्यानंतरही तो का जाणवतो?

अपघात, मधुमेहातील गँगरीन किंवा कॅन्सरमुळे हात किंवा पाय काढावा लागला, की बहुतेक रुग्णांना तो अवयव अजून जागेवरच आहे असे वाटते. नसलेल्या बोटांना खाज सुटते, मुंग्या येतात, काहींना जळजळ किंवा तीव्र वेदना होतात. याला ‘फँटम लिंब’ म्हणतात. लोक वेड्यात काढतील या भीतीने अनेक रुग्ण हे सांगतच नाहीत. पण हा मनाचा खेळ नाही; ही संवेदना खरी असते.

असे का होते?

• कापलेल्या नसा: नसेचे कापलेले टोक पुन्हा वाढू पाहते आणि तिथे गाठ (न्यूरोमा) होऊ शकते. तिथून निघणारे संदेश मेंदूला पायाकडूनच आल्यासारखे वाटतात. मात्र उरलेला भाग बधिर केल्यावरही काहींची वेदना थांबत नाही. म्हणजे हे एकच कारण पुरेसे नाही.

• मज्जारज्जू: नसांना इजा झाल्यावर मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात आणि साधा संदेशही वेदना म्हणून पुढे पाठवतात.

• मेंदूतील नकाशा: मेंदूत प्रत्येक अवयवासाठी जागा ठरलेली असते. हाताची जागा चेहऱ्याच्या जागेशेजारी असते. १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांना असे रुग्ण आढळले, ज्यांच्या गालाला स्पर्श केला की नसलेल्या हातालाही तो जाणवे. रिकाम्या जागेत शेजारचा भाग शिरतो, असे त्यांनी मांडले. पुढच्या तपासण्यांत मात्र हाताचा मूळ नकाशा अनेक वर्षे टिकून असल्याचे दिसले, त्यामुळे यावर अजून मतभेद आहेत.

• शरीराची उपजत प्रतिमा: जन्मतः हात नसलेल्या काही व्यक्तींनाही तो जाणवतो. त्यामुळे संपूर्ण शरीराचे चित्र मेंदूत जन्मतःच असते, असे रोनाल्ड मेलझॅक यांचे मत होते.

बहुधा यातील अनेक कारणे एकत्र काम करतात. म्हणूनच उपचारही वेगवेगळे असतात: नसांच्या वेदनेवरील औषधे, आरशासमोरचे व्यायाम, कृत्रिम पायाचा वापर.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

पाय आहे असे वाटून रुग्ण रात्री झोपेतून उठतो आणि पडतो. कुबड्या पलंगाशी ठेवा, मंद दिवा चालू ठेवा.

उरलेल्या भागाला सूज, लाली, पू किंवा ताप असेल, अथवा वेदना अचानक वाढली, तर तिला ‘फँटम’ समजून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.