‘स्मृतिचित्रें’ कोणाचीं?

कांहीं ग्रंथ विस्मृतींत जातात आणि पुन्हां सांपडतात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीं छापली गेली. तिला पुन्हां उजेड दिसला तो स. गं. मालशे यांनीं १९७५ मध्यें ती संपादिली तेव्हां. नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ कधीं हरवलींच नाहींत. तीं घरोघर वाचलीं गेलीं; मात्र पुष्कळांनीं तीं वाचलीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांसाठीं.

याला कारणही तसेंच होतें. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईकडे आठवणी मागितल्या. मागितलें चरित्राचें साहित्य, हातीं आलें आत्मचरित्र! पहिला भाग १९३४ सालीं निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई नाशिक येथें निवर्तल्या.

नाशिकनजीकच्या जलालपुरीं १८६८ मध्यें गोखले कुळांत त्यांचा जन्म झाला. लग्न झालें तें बालपणींच. शाळेची पायरी त्या चढल्या नाहींत. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. सारें घर त्या धाकाखालीं वावरे. लक्ष्मीबाई हें हंसत हंसत सांगतात, आणि तरीही तो धाक वाचकाला जाणवल्याशिवाय राहत नाहीं. तक्रारीचा सूर न लावतां दुःख सांगणें ही कला मराठी गद्यांत फार थोड्यांना साधली आहे.

१८९५ मध्यें टिळक ख्रिस्ती झाले. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आश्रयानें राहिल्या. समेट व्हावयास वर्षें लागलीं. पुढें त्या अहमदनगरास पतीजवळ आल्या तरी आपला आचार त्यांनीं सोडला नाहीं. सोडला तो पतीच्या आज्ञेनें नव्हे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच घातला आणि उत्तर पटल्यावर सोवळें टाकलें. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० सालीं. पतीच्या पावलावर पाऊल टाकणारी साध्वी म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्या वाचकाच्या हातून नेमका हाच भाग निसटतो. जोसेफीन इंकस्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतराला तर ‘मी मागून येतें’ अशा अर्थाचें नांव मिळालें! शांता गोखले यांचें इंग्रजी भाषांतर २०१७ सालीं आलें. त्यांतील लक्ष्मीबाई तेजस्वी आहेत खऱ्या, पण उपशीर्षकांत ‘पत्नी’ हा शब्द राहिलाच.

त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, ही मराठी वाचकांची मोठीच सोय झाली. ती हातीं घेणाऱ्यानें जवळच ‘ख्रिस्तायन’ही ठेवावें. टिळक १९१९ मध्यें वारले तेव्हां त्या महाकाव्याचे सुमारें दहाच अध्याय झाले होते. पुढले चौसष्ट लक्ष्मीबाईंनीं लिहिले.