जलांतर्गत समीप छायाचित्रणातील प्रकाशयोजना

पाण्याखाली सूर मारून लहान सागरी जीवांची जवळून छायाचित्रे घेताना करावयाची कृत्रिम प्रकाशाची व्यवस्था. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे सु. १० मी. खोलीवर तांबड्या वस्तूही करड्या दिसतात. खरा रंग टिपण्यासाठी प्रकाश सोबत न्यावा लागतो.

फ्रेंच प्राणिवैज्ञानिक ल्वी बूतां (१८५९–१९३४) यांनी १८९३ मध्ये पिंपावर काचपात्रात स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकली. १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळ लाँगली व मार्टिन यांनी अशाच पुडीच्या स्फोटक झोतात माशांची रंगीत चित्रे घेतली. पुढे एजर्टन यांच्या इलेक्ट्रॉनीय क्षणदीप्तीने हा धोका टळला.

दिवा भिंगालगत असल्यास तरंगते कण उजळून चित्रावर ठिपके उमटतात. म्हणून तो बाजूस तिरपा धरतात व कॅमेरा वस्तूच्या निकट नेतात.

महाराष्ट्रात १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळांच्या नोंदींसाठी हे तंत्र महत्त्वाचे आहे. पाणी तापल्यास प्रवाळ आपल्यातील शैवले गमावून पांढरे पडते. हे विवर्णन रंगावरून ओळखावयाचे असल्याने सदोष प्रकाशातील चित्र निरोगी व रोगट प्रवाळांतील भेदच झाकते.